लाल दिसलं म्हणजे तापलं असं नव्हे

कारखान्याला किंवा दुकानाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण बहुधा ठरलेलं असतं: शॉर्ट सर्किट. पॅनलवर रोज काम करणाऱ्या वायरमनला हे उत्तर अर्धवट वाटतं. खरं शॉर्ट सर्किट झालं तर प्रवाह एकदम प्रचंड वाढतो आणि धड बसवलेला एमसीबी क्षणात पडतो. एमसीबीला पत्ता लागू न देता आग लावणारा दोष वेगळाच असतो. तो म्हणजे लूज कनेक्शन. नीट न आवळलेला लग, ॲल्युमिनियम केबलच्या टोकावर धरलेली ऑक्साइडची पापुद्री, वर्षानुवर्षांच्या थरथरीने सैल झालेला बोल्ट. अशा जोडातून प्रवाह नेहमीइतकाच जात राहतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. जोड मात्र तापत असतो.

किती तापतो, याचा हिशोब साधा आहे. जोडात निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. चांगल्या जोडाचा रोध 0.1 मिलिओहम धरला, तर 100 अँपिअर प्रवाहाला तिथे 1 वॉट उष्णता तयार होते. तोच जोड सैल होऊन रोध 5 मिलिओहम झाला की उष्णता 50 वॉट होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली 25 वॉटची सोल्डरिंग आयर्न कथील वितळवते. इथे अंगठ्याएवढ्या जागेत तशा दोन आयर्न दिवसरात्र चालू असतात. वास येईपर्यंत इन्सुलेशन करपायला लागलेलं असतं. त्याच्या आधी हा दोष दाखवू शकणारं उपकरण म्हणजे थर्मल कॅमेरा.

एके काळी हा कॅमेरा फक्त मोठ्या कंपन्यांच्या मेंटेनन्स खात्यात असायचा. 2014 मध्ये फ्लिर कंपनीने फोनला जोडायचा कॅमेरा आणला आणि त्यानंतर हे तंत्र छोट्या कंत्राटदाराच्याही आवाक्यात येत गेलं. आज सातपूर, भोसरी किंवा तळोज्यातला इलेक्ट्रिकल कंत्राटदार, सोलर बसवणारा, एसी दुरुस्त करणारा, वॉटरप्रूफिंगवाला असे सगळेच कॅमेरा घ्यावा का, घेतला तर कोणता, हे विचारू लागले आहेत. माहितीपत्रकात रंगीत चित्रं असतात आणि आकड्यांची रांग असते. त्यातला आपल्या कामाचा आकडा कोणता, हे कळायचं असेल तर हा कॅमेरा काय पाहतो आणि काय पाहत नाही, तिथून सुरुवात करावी लागते.

कॅमेरा नेमकं काय पाहतो

विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाने 1800 साली लोलकातून सूर्यप्रकाश पाडून त्याच्या रंगपट्ट्यात थर्मामीटर ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं अशा जागी, पारा सर्वांत जास्त चढला. ते अवरक्त किरण होते. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार हे किरण बाहेर टाकत असते. कामावर वापरले जाणारे बहुतेक थर्मल कॅमेरे 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतात. आत मायक्रोबोलोमीटर नावाची पट्टी असते. तिच्यावरच्या हजारो सूक्ष्म ठिपक्यांवर किरण पडले की ठिपका किंचित तापतो, त्याचा रोध बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होतं. या पट्टीला अतिशीत ठेवावं लागत नाही, म्हणून कॅमेरा लहान आणि स्वस्त झाला. हे तंत्र अमेरिकेत 1980 च्या दशकात लष्करी पैशातून वाढलं. त्याची खूण आजही माहितीपत्रकात सापडते: अनेक कॅमेऱ्यांचा वेग सेकंदाला 9 चित्रांवर थांबतो, कारण त्याहून वेगवान कॅमेऱ्यांवर निर्यातीची बंधनं अधिक कडक आहेत. पॅनल जागेवरून हलत नाही, त्यामुळे आपल्या कामाला 9 चित्रं पुरतात.

कॅमेरा तापमान मोजत नाही. तो समोरून येणारे किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा अंदाज बांधतो, हे एकदा पक्कं ध्यानात घेतलं की निम्म्या चुका टळतात. समोरून येणाऱ्या किरणांत वस्तूचे स्वतःचे किरण असतात आणि तिच्यावरून परावर्तित झालेले, म्हणजे उसने किरणही असतात. स्वतःचे किती, हे सांगणाऱ्या आकड्याला उत्सर्जकता किंवा इमिसिव्हिटी म्हणतात. काळ्या इन्सुलेशन टेपची उत्सर्जकता साधारण 0.95, रंगवलेल्या पत्र्याची 0.9 च्या पुढे, तर चकचकीत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जेमतेम 0.05. म्हणजे लखलखीत बसबारकडे कॅमेरा रोखला, तर जे दिसतं त्यातला फार मोठा भाग आसपासच्या वस्तूंचा असतो.

हे पॅनलसमोर उभं राहून पडताळता येतं. पडद्यावर बसबारवर एक उबदार डाग दिसतो. आपण एक पाऊल डावीकडे सरकलो की डागही सरकतो. तो हॉटस्पॉट नसून आपलं स्वतःचं शरीर असतं. उलट बाजूने, खरोखर 90 अंशांना पोहोचलेला उघडा बसबार पडद्यावर 40 च्या आसपास दिसू शकतो, आणि हे जास्त धोक्याचं. यावर उपाय स्वस्त आहे. शटडाउनच्या वेळी महत्त्वाच्या जोडांवर काळ्या टेपचा लहानसा तुकडा चिकटवून ठेवायचा आणि पुढच्या तपासणीत तापमान त्या तुकड्यावर वाचायचं. टेप नसेल तर केबलचं इन्सुलेशन, स्लीव्ह किंवा रंग लावलेला भाग पाहायचा. उघड्या धातूचा आकडा अहवालात लिहायचा नाही.

दुसरा सापळा झाकणांचा. काच आणि ॲक्रिलिक आपल्याला पारदर्शक दिसतात, या किरणांना मात्र ती भिंतीसारखी असतात. पॅनलच्या ॲक्रिलिक शीटमागचा जोड कितीही तापला तरी कॅमेऱ्याला शीटचंच तापमान दिसणार. ती उघडायची तर चालू वीजभारावर उघडावी लागते. हे काम परवानाधारक माणसाचं, आर्कपासून बचाव करणारा पोशाख घालून करायचं. मोठ्या आस्थापना म्हणूनच पॅनलच्या दारात अवरक्त किरण जाऊ देणाऱ्या खास खिडक्या बसवून घेतात.

तिसरा सापळा रंगांचा. बहुतेक कॅमेरे चित्रातल्या सर्वांत थंड जागेला निळा आणि सर्वांत गरम जागेला लाल किंवा पांढरा रंग आपोआप देतात. समोरच्या दृश्यात फरक 2 अंशांचा असला तरी चित्र वणवा पेटल्यासारखं दिसतं. ग्राहक घाबरतो आणि कंत्राटदारही कधी कधी. म्हणून तापमानाची पट्टी हाताने ठरवता येते का, हे खरेदीच्या वेळी विचारायचं. तिन्ही फेजची चित्रं एकाच पट्टीवर घेतली, तरच त्यांची तुलना करता येते.

ठिपके मोजायचे ते लक्ष्यावर

माहितीपत्रकातला सर्वांत ठळक आकडा रिझोल्यूशनचा असतो. 80 बाय 60 म्हणजे 4,800 ठिपके, 160 बाय 120 म्हणजे 19,200, तर 320 बाय 240 म्हणजे 76,800. पण डब्यावरच्या ठिपक्यांनी काम होत नाही. ज्या जोडाचं तापमान हवं, त्याच्यावर किती ठिपके पडतात हे महत्त्वाचं. भरवशाच्या मापनासाठी तिथे निदान 3 बाय 3 ठिपके पडावेत, असा नेहमीचा नियम आहे.

एक उदाहरण करून पाहू. कॅमेऱ्याला आडवे 160 ठिपके आहेत आणि त्याचा दृष्टिकोन 50 अंशांचा आहे. मग एक ठिपका 1 मीटरवर सुमारे 5.5 मिलिमीटर जागा व्यापतो आणि 3 ठिपके 16 मिलिमीटर. घरातल्या डीबीतला एमसीबी साधारण 18 मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे हातभर अंतरावरून हा कॅमेरा ठीक काम देतो. तोच घेऊन खांबाखाली उभं राहिलं आणि 8 मीटर उंचीवरच्या जंपरच्या क्लॅम्पकडे रोखला, तर 3 ठिपके 13 सेंटिमीटर जागा व्यापतात. क्लॅम्प आहे 3-4 सेंटिमीटरचा. उरलेल्या जागेत निरभ्र आकाश येतं आणि ते कॅमेऱ्याला शून्याच्याही बरंच खाली दिसू शकतं. दोघांची सरासरी होते आणि लालबुंद व्हायला आलेला क्लॅम्प सुखरूप ठरतो. इथे 320 ठिपके आणि 24 अंशांचं भिंग हवं. त्यात 8 मीटरवर 3 ठिपके सुमारे 3 सेंटिमीटरमध्ये बसतात.

डीबी तपासणाऱ्याने म्हणून 640 बाय 480 च्या मागे लागायचं कारण नाही आणि लाइनवर काम करणाऱ्याने फोनच्या कॅमेऱ्यावर भागवायचं नाही. विक्रेत्याला विचारायचं ते सेन्सरवरचे मूळ ठिपके. सॉफ्टवेअरने फुगवलेला आकडा वेगळा असतो. चित्राच्या रेषा कधी कधी फार रेखीव दिसतात, कारण शेजारच्या साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या कडा त्यावर बसवलेल्या असतात. त्याने जागा ओळखायला मदत होते, मापन सुधारत नाही.

पिस्तुलासारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरलाही हाच हिशोब लागू होतो. त्याच्यावर 12:1 लिहिलेलं असेल तर 3 मीटरवरून तो 25 सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी सांगतो. लेझरचा लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो.

बाकीचे आकडे थोडक्यात. अचूकता बहुतेकांची अधिक-उणे 2 अंश किंवा 2 टक्के, त्यामुळे तिथे फारशी निवड करायची नसते. तापमानाची कक्षा विजेच्या कामाला 400 अंशांपर्यंत पुरते. भट्टी तपासायची असेल तरच पुढची घ्यावी. फोकस हाताने करता येत असेल तर उत्तम, कारण उत्सर्जकता आणि रंगपट्टी नंतर संगणकावर बदलता येते, पण फोकस चुकला तर तापमानही चुकतं आणि ते मागाहून दुरुस्त होत नाही. नंतर बदल करण्याची सोय मिळण्यासाठी चित्र रेडिओमेट्रिक असलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं तापमान त्यात साठवलेलं हवं.

संशय कॅमेऱ्याचा, निदान मीटरचं

आता समजा, तीन फेजच्या मुख्य एमसीसीबीवर कॅमेरा रोखला आणि आर आणि वाय फेज 45 अंशांवर, बी फेज 63 अंशांवर दिसली. एवढ्यावर बोल्ट आवळायला धावायचं का? या 18 अंशांमागे निदान तीन कारणं असू शकतात.

पहिलं, खरंच सैल जोड. अशा वेळी सर्वांत गरम जागा लगवर असते आणि केबलवरून पुढे सरकत जावं तसं तापमान उतरत जातं. दुसरं, असमतोल भार. बी फेजवर एखादं जास्तीचं यंत्र टाकलेलं असतं आणि मग केबल लांबीभर सारखीच गरम दिसते. तिसरं, दोष एमसीसीबीच्या आतल्या संपर्कात असतो आणि बाहेर दिसते ती फक्त वाहून आलेली उष्णता. यातलं कोणतं, हे कॅमेरा सांगत नाही. क्लॅम्प मीटर तिन्ही फेजना एकेक करून लावला की भाराचा प्रश्न मिनिटभरात सुटतो. भार सारखा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंना मल्टिमीटरची टोकं ठेवून मिलिव्होल्ट मोजायचे. वरच्या हिशोबातला चांगला जोड 100 अँपिअरला 10 मिलिव्होल्ट दाखवील, बिघडलेला 500 मिलिव्होल्ट. इतकं स्पष्ट उत्तर कुठल्याही रंगीत चित्रातून मिळत नाही.

फरकाला किती महत्त्व द्यायचं, यासाठी अमेरिकेतल्या नेटा या विद्युत चाचणी संघटनेचा तक्ता जगभर वापरला जातो. सारख्या भाराच्या सारख्या भागांत 1 ते 3 अंशांचा फरक असेल तर दोषाची शक्यता, 4 ते 15 असेल तर दोष बहुधा आहेच, आणि 15 च्या वर गेला तर ताबडतोब दुरुस्ती. पण त्या वेळी भार किती होता, हे लिहिल्याशिवाय यातल्या कुठल्याच आकड्याला अर्थ नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. 40 टक्के भारावर दिसलेला 10 अंशांचा फरक पूर्ण भारावर कागदोपत्री 60 च्या पुढे जातो. प्रत्यक्षात जोड थोडा थंडही होत राहतो, त्यामुळे वाढ त्याहून काहीशी कमी होते, तरी धोका तोच. म्हणून अमेरिकेतल्या एनएफपीए 70बी या मानकात तपासणीच्या वेळी निदान 40 टक्के भार असावा, असं सांगितलं आहे. रविवारी कारखाना बंद असताना केलेली थर्मोग्राफी म्हणजे कागदाची भर.

मीटर आधी, कॅमेरा नंतर

म्हणूनच पैसे मर्यादित असतील तर ते आधी मीटरवर घालावेत, आणि मीटरमध्ये सर्वांत आधी सुरक्षिततेवर. मीटरवर कॅट 2, कॅट 3, कॅट 4 असं छापलेलं असतं. प्लगला जोडलेल्या उपकरणांसाठी कॅट 2, डीबी, पॅनल आणि पक्क्या वायरिंगसाठी कॅट 3, तर सर्व्हिस लाइन आणि वीजमीटरच्या आधीच्या भागासाठी कॅट 4. इथे पुष्कळ जण व्होल्टच्या आकड्याला भुलतात. कॅट 2 - 1000 व्होल्ट आणि कॅट 3 - 600 व्होल्ट या दोन्ही मीटरांची चाचणी 6,000 व्होल्टच्या झटक्याने होते. फरक झटक्यामागच्या ताकदीत आहे. पहिल्यात मार्गातला रोध 12 ओहम धरतात, म्हणजे 500 अँपिअर. दुसऱ्यात 2 ओहम, म्हणजे 3,000 अँपिअर. पॅनलवर काम करताना वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर 600 छापलेला मीटर 1000 छापलेल्यापेक्षा भरवशाचा ठरतो. आत एचआरसी फ्यूज आहे का आणि प्रोबवरही तीच कॅटेगरी छापली आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावं. नुसत्या छापील अक्षरांवर विसंबण्यापेक्षा स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागावं.

दुसरी गोष्ट ट्रू आरएमएस. एलईडी ड्रायव्हर, संगणक, इन्व्हर्टर एसी, व्हीएफडी यांचा प्रवाह सरळ लाटेसारखा नसतो, तुटक असतो. साधा मीटर सरासरी काढून तिला ठरावीक गुणकाने गुणतो आणि अशा प्रवाहाला चांगलाच कमी दाखवू शकतो. ऑफिसच्या इमारतीत न्यूट्रल गरम दिसते आणि साधा क्लॅम्प मीटर सगळं ठीक सांगतो, त्यामागे बहुधा हेच असतं. अशा भाराचे तिसऱ्या पटीतले हार्मोनिक तिन्ही फेजचे मिळून न्यूट्रलमध्ये बेरजेने जमतात.

तिसरं, मेगर. जोड कॅमेऱ्याला दिसतो, इन्सुलेशनचं आरोग्य दिसत नाही. 230 व्होल्टच्या वायरिंगला 500 व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन निदान 1 मेगओहम भरावं लागतं. चाचणीआधी एलईडी ड्रायव्हर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून घ्यायचे, नाहीतर आकडाही चुकतो आणि उपकरणही जातं. टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे चाचणी झाली असं नाही. 30 मिलिअँपिअरला तो 300 मिलिसेकंदांत पडतो का, हे आरसीसीबी टेस्टरच सांगतो. अर्थिंग टेस्टरचं काम त्याहून निराळं. नियॉनचा टेस्टर खिशात असावा, पण त्याच्या दिव्यावर जीव सोपवू नये. लाइन मृत आहे हे ठरवताना मीटर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर लावायचा. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर तिसऱ्या वेळी कळतं.

ज्याचं त्याचं काम

सोलरवाल्याचे प्रश्न वेगळे असतात. पॅनलवर ऊन दर चौरस मीटरला निदान 600 वॉट पडत असताना, तिरक्या कोनातून चित्र घ्यायचं, नाहीतर काचेत सूर्याचं आणि आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. आधी पक्ष्यांची विष्ठा आणि सावली बघायची, कारण त्यांच्यामुळेही सेल तापतो. क्लॅम्प मीटर मात्र डीसी मोजणारा घ्यायचा. साध्या क्लॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर डीसी प्रवाह ओळखतच नाही.

गळती शोधणाऱ्याला हे सांगायला हवं की कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही. ओल वाळताना भिंत थंड पडते, तो थंडावा दिसतो. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या भर पावसात हवाच दमट असते, वाळणं मंदावतं आणि फरक पुसट होतो. इथे संवेदनशीलतेचा आकडा कामाला येतो. 50 मिलिकेल्विन म्हणजे कॅमेरा 0.05 अंशाचा फरक ओळखतो, आणि हा आकडा जितका लहान तितका बरा. भिंतीपलीकडे एसी चालू असला तरी निळा डाग दिसतो, म्हणून त्या जागी सुयांचा मॉइश्चर मीटर टोचून खात्री केल्याशिवाय फरशी फोडायची नाही. एसी मेकॅनिकने उघड्या तांब्याच्या नळीवर कॅमेरा रोखू नये. नळीला बांधायचा थर्मोकपल तिथे स्वस्त आणि खरा.

खरेदीचा क्रम

पॅनल आणि वायरिंगचं काम करणाऱ्याने म्हणून आधी कॅट 3 किंवा कॅट 4 चा ट्रू आरएमएस मल्टिमीटर, मग क्लॅम्प मीटर, मग मेगर, मग आरसीसीबी आणि अर्थ टेस्टर घ्यावेत. थर्मल कॅमेरा त्यानंतर. वर्षाकाठी मोजकीच कामं असतील तर तो भाड्याने आणणं शहाणपणाचं, आणि मग चांगला कॅमेरा आणता येतो. विकत घ्यायचा तर आपला नेहमीचा पॅनल आणि आपलं नेहमीचं अंतर सांगून प्रात्यक्षिक मागायचं. दुकानात विक्रेत्याच्या तळहाताचं चित्र सगळ्याच कॅमेऱ्यांत सुंदर येतं.

घेतल्यावर दरसाल एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्यायचं, कारण ग्राहकाचा इन्शुरन्सवाला आणि ऑडिटर आधी त्याचंच प्रमाणपत्र मागतात. मीटर बनवणारे मोटवाने आणि ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स नाशिकमध्येच आहेत, त्यामुळे महाराष्ट्रात मीटरच्या दुरुस्तीसाठी फार लांब जावं लागू नये. मधल्या काळात कॅमेरा भरकटला नाही ना, हे पाहायचं तर बारीक फोडलेल्या बर्फात थोडं पाणी घालून, ढवळून, त्यावर रोखायचा. उत्सर्जकता 0.97 ठेवली तर वाचन शून्याच्या 2 अंश इकडेतिकडे यायला हवं. थर्मोग्राफीचं प्रशिक्षण आणि त्याचे दर्जे आयएसओ 18436-7 या मानकात दिले आहेत. त्यातला पहिला दर्जा घेतलेला एक माणूस हाताशी असणं हे कॅमेऱ्याच्या पुढच्या मॉडेलपेक्षा जास्त उपयोगाचं.

अहवालात चार गोष्टी असल्या पाहिजेत: चित्र, त्या वेळचा भार, मीटरने पडताळलेलं कारण, आणि दुरुस्तीनंतर त्याच भारावर घेतलेलं दुसरं चित्र. चौथी गोष्ट बहुतेक जण गाळतात. पण ग्राहकाने पैसे दिलेले असतात ते जोड थंड करण्याचे, आणि तो थंड झाला याचा पुरावा दुसऱ्या चित्राखेरीज कशातच मिळत नाही.